कुणाचा तास अर्धा?



निमंत्रणपत्रिकेवर 'घड्याळी तास आणि क्रेडिट' हा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. हे प्राचार्यांच्या बैठकीतलं प्रकरण गावाच्या व्याख्यानमालेत कशाला? पण ज्यांची मुलं-नातवंडं कॉलेजात आहेत त्यांनी घरी गेल्यावर निकालपत्र काढून बघावं. गुणांच्या शेजारी क्रेडिटचा एक रकाना आहे, आणि पदवी मिळणार की नाही हे आता त्या रकान्याच्या बेरजेवर ठरतं. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते स्वतः शिक्षक होते. तेव्हा तासांचा हिशेब इथं मांडायला त्यांची हरकत नसावी. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं कॉलेजचं वेळापत्रक बसवण्याचं काम माझ्या गळ्यात होतं. त्यामुळे बोलणार आहे तो वेळापत्रकवाल्याच्या नजरेनं.

चार क्रेडिटचा एक विषय घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, पदवी अभ्यासक्रमासाठीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे व्याख्यानाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास. चार क्रेडिटचे ६० तास. आठवड्याला चार, असे पंधरा आठवडे. कागदावर बिनचूक. आता वेळापत्रक उघडा. आपल्याकडं कितीतरी महाविद्यालयांत तासिका ४८ मिनिटांची असते. आठवड्याला चार तासिका पंधरा आठवडे घेतल्या तर साठ होतात खऱ्या, पण घड्याळ लावून मोजल्या तर भरतात ४८ तास. बारा तास कमी. साठ घड्याळी तास पुरे करायचे असतील तर ७५ तासिका घ्याव्या लागतील, आणि तेवढ्या जागा कुठल्याच वेळापत्रकात नसतात.

जाता जाता एक गंमत. ४८ मिनिटं म्हणजे बरोबर दोन घटका, म्हणजे एक मुहूर्त. लग्नात घटिकापात्र पाण्यात सोडून जो काळ मोजत, त्याच मापात आपण अर्थशास्त्र शिकवतो. भारतीय ज्ञान प्रणाली या विषयाच्या दोन क्रेडिटांत एवढं सांगायला हरकत नाही.

या बारा तासांवरून मला कुणाला चोर ठरवायचं नाही. वर्ग बदलायला वेळ लागतो, हजेरीला लागतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांचा तासही बहुधा पन्नास मिनिटांचाच असतो. माझं म्हणणं वेगळं आहे. घड्याळी तासाचं क्रेडिट करताना कुणाचा तास पुरा धरायचा, कुणाचा अर्धा आणि कुणाचा धरायचाच नाही, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. ते गणितासारखं दिसतं म्हणून त्यावर कुणी भांडत नाही. मी आज त्यावर भांडायला आलो आहे.

माझ्या पिढीनं कॉलेज केलं ते टर्मवर. अहमदनगर कॉलेज १९४७ सालचं, डॉ. भा. पां. हिवाळे यांनी काढलेलं. म्हणजे पुणे विद्यापीठाहूनही जुनं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडात नगर बसलेलं आहे, सांभाळून घ्या. त्या काळात टर्म भरली की मार्च-एप्रिलच्या परीक्षेला बसता यायचं. वर्षभरात किती तास शिकवलं, घरी किती अभ्यास झाला, याची नोंद पदवीवर कुठंच नसायची. सगळा भार तीन तासांच्या पेपरावर. ती पद्धत फार चांगली होती असं मी म्हणणार नाही. ऐन परीक्षेत तापानं फणफणलेल्या मुलाचं वर्ष वाया जायचं. पुणे विद्यापीठात २०१९ च्या अभ्यासक्रमापासून पदवीला क्रेडिट आलं, आणि २०२४ च्या जूनपासून नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर ते संलग्न कॉलेजांत पक्कं झालं.

क्रेडिटचा जन्म मात्र शिक्षणाच्या चिंतेतून झालेला नाही. तो पेन्शनमधून झाला. पोलादाचा कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यानं १९०५ मध्ये महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे वाटायचे तर खरं कॉलेज कुठलं आणि नावापुरतं कुठलं हे आधी ठरवावं लागणार. मग त्या निधीच्या संस्थेनं अट घातली की प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याचं शाळेत चौदा युनिटांचं शिक्षण झालेलं हवं. एक युनिट म्हणजे वर्षभरात साधारण १२० तास. पेन्शनच्या आशेनं कॉलेजं रांगेत उभी राहिली आणि त्यांच्यामागून शाळाही. पुढं १९१० मध्ये त्याच संस्थेनं मॉरिस कुक या इंजिनिअरला कॉलेजांची कार्यक्षमता तपासायला सांगितलं. कुक हा फ्रेडरिक टेलरच्या पठडीतला, म्हणजे कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन मजुरांच्या हालचाली मोजणाऱ्यांच्या गोतावळ्यातला. त्यानं माप काढलं ते 'विद्यार्थी-तास', एका विद्यार्थ्यामागं एक तास. आपल्याकडं १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या शिक्षकांची जुनी पेन्शन गेली. पेन्शनपोटी जन्मलेलं हे माप आमच्या तरुण सहकाऱ्यांच्या हाती आलं ते पेन्शन सोडून.

कुणी म्हणेल, अमेरिकेची ही गोष्ट नगरला नवी. तसं नाही. राहुरीला जा. पश्चिम महाराष्ट्राचं कृषी विद्यापीठ तिथं आहे. भारतातली कृषी विद्यापीठं अमेरिकेच्या लँड-ग्रँट कॉलेजांच्या धर्तीवर उभी राहिली, त्यातलं पहिलं १९६० सालचं पंतनगरचं. सत्र, अंतर्गत मूल्यमापन आणि क्रेडिट हे त्यांच्या बांधणीतच होतं. त्यामुळे शेतकऱ्याचा जो मुलगा राहुरीला बी.एस्सी. ॲग्री करायचा, तो 'टू प्लस वन' ही भाषा आम्हा नगरच्या प्राध्यापकांच्या कितीतरी आधी बोलत होता. तीन क्रेडिटचा विषय, त्यात २ + १. पहिला आकडा व्याख्यानाचा, आठवड्याला दोन तास. दुसरा प्रात्यक्षिकाचा, त्या एका क्रेडिटसाठी आठवड्याला दोन तास. म्हणजे वर्गात बसून ऐकलेला तास पुरा, आणि रानात किंवा प्रयोगशाळेत हातानं केलेला अर्धा.

याच हिशेबातलं सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे रावे, ग्रामीण कृषी कार्यानुभव. सातव्या सत्रात मुलं गावात येतात. पेपरात बातमी असते, 'कृषिदूतांचे गावात स्वागत', फोटोत सरपंच, पांढऱ्या टोप्या आणि माती परीक्षणाचा फलक. मुली असल्या तर 'कृषिकन्या'. कृषी शिक्षणासाठीच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात या कामाचा आकडा आहे ० + २०. व्याख्यान शून्य, सगळं प्रात्यक्षिक. एका क्रेडिटला दोन तास धरले तर आठवड्याला चाळीस तास झाले, नोकरदार माणसाचा पुरा आठवडा. मला हा आकडा आवडतो. व्याख्यानाच्या रकान्यात शून्य घालून त्याला वीस क्रेडिट देण्याचं धाडस आमच्या कला-वाणिज्य-विज्ञानवाल्यांना कधी झालं नाही.

पण त्या चाळीस तासांत होतं काय? सकाळी मुलगा शेतकऱ्याबरोबर डाळिंबाच्या बागेत जातो. बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक त्यानं दाखवायचं असतं, पण पानावरचा तेल्या रोगाचा डाग त्याला ओळखायला शिकवतो तो शेतकरी. पान उजेडाकडं धरून दाखवतो, डागाभोवतीची तेलकट कड बोटानं दाखवतो, गेल्या पावसात कुठल्या ओळीपासून सुरू झालं ते सांगतो. मुलाला क्रेडिट मिळतं, त्याच्या कार्यक्रम अधिकाऱ्याच्या खात्यावर कार्यभार लागतो. शेतकऱ्याचे ते तास कुणाच्याच वहीत नाहीत. त्यानं ते मागितलेलेही नाहीत म्हणा. पण 'समाजाशी जोडलेलं शिक्षण' असं आपण भाषणात म्हणतो तेव्हा समाजानं किती तास दिले याला एक रकाना असायला काय हरकत आहे?

आता आमच्या प्रयोगशाळेत येऊ. यूजीसीच्या त्याच आराखड्यात प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, व्याख्यानाच्या दुप्पट. याचं समर्थन असं: व्याख्यानाच्या एका तासामागं विद्यार्थी घरी आणखी अभ्यास करतो, प्रात्यक्षिक मात्र प्रयोगशाळेतच संपतं. युक्तिवाद वाईट नाही. फक्त ज्यानं तो केला त्यानं टायट्रेशनचं जर्नल लिहिलेलं नसावं.

दोन तासांचं प्रॅक्टिकल असं चालतं. पहिली पंधरा मिनिटं हजेरी आणि साहित्य घेण्यात जातात. चौघांत एक ब्युरेट. ते आधी पाण्यानं विसळायचं, मग ज्या द्रावणानं भरायचं त्यानंच विसळायचं. नळीच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, तो घालवला नाही तर वाचन खोटं येणार. पिपेटनं दहा मिली घेतलं, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले, आता एका हातानं कोनिकल फ्लास्क फिरवत दुसऱ्या हातानं तोटी. गुलाबी रंग येतो आणि हलवला की जातो. येतो, जातो. शेवटच्या एका थेंबाला तो टिकतो. नवख्याचा तिथं हमखास अर्धा मिली जादा जातो आणि फ्लास्कमधलं पाणी सरबतासारखं होतं. मग पुन्हा. वाचनं जुळून सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं स्थिर वाचन, मिळेपर्यंत पुढच्याला ब्युरेट मिळत नाही. घंटा होते तेव्हा निरीक्षणं कच्च्या कागदावर असतात. गणित, आकृती, निष्कर्ष, अनुक्रमणिका हे सगळं घरी, रात्री. पुढच्या आठवड्यात जर्नल तपासून सही मिळाली नाही तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही. या रात्रीच्या तासाची क्रेडिटमधली किंमत शून्य आहे.

आणि व्याख्यानामागचा घरचा अभ्यास, ज्याच्या नावावर व्याख्यानाला दुप्पट भाव मिळतो, तो कधी होतो? गाईड घेऊन परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. दर आठवड्याला न चुकता घरी काम करतो तो प्रॅक्टिकलवाला. म्हणजे आपण ज्या कष्टाला अर्धं धरलं, ते आपल्या मुलांनी खरोखर केलेलं आहे, आणि ज्याला पुरं धरलं ते बहुतेक गृहीत आहे.

हे 'गृहीत' एप्रिल २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात उघडपणे लिहिलं आहे. एक क्रेडिट म्हणजे तीस अध्ययन-तास, त्यात वर्ग, प्रयोग, स्वाध्याय, परीक्षा सगळं आलं. वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. मुक्त विद्यापीठं हे आधीपासून करतात. इग्नूचं क्रेडिट तीस तासांच्या अभ्यासाचंच आहे. आपल्या पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले राम ताकवले सर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि पुढं इग्नूचेही. घरी शिकणाऱ्याचा तास मोजायचा असतो ही दृष्टी त्या चळवळीनं इकडं आणली.

परदेशाशी एक तुलना करतो, कारण तिकडं जाणाऱ्या मुलांचे पालक नेहमी विचारतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारची व्याख्या अशी: आठवड्याला एक तास वर्गात, किमान दोन तास वर्गाबाहेर, साधारण पंधरा आठवडे. झाले ४५ तास. वर्षाला तीस क्रेडिट, म्हणजे १३५०. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट, प्रत्येकी २५ ते ३० तासांचं, म्हणजे १५०० ते १८००. आपलं वर्ष १२०० चं. कागदावर आपलं सगळ्यात लहान. पण नुसते वर्गातले तास मोजा. अमेरिकेत तीस गुणिले पंधरा, ४५०. आपल्याकडं सगळी क्रेडिटं व्याख्यानाची धरली तर ६००, आणि प्रॅक्टिकलवाल्याचे त्याहून जास्त. त्यांचा भरवसा ग्रंथालयावर आहे, आपला बाकावर.

बाकावर भरवसा ठेवायला आपल्याकडं कारणही आहे. जामखेड, कर्जत, पारनेर, पाथर्डीच्या वस्तीवरून एसटीनं येणाऱ्या मुलीला विचारा, घरी अभ्यासाचे तास कुठले. सकाळी धार, दुपारी कॉलेज, चारची गाडी चुकली तर पुढची अंधार पडल्यावर. आणि पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड कुटुंबातली मुलं? गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं. आई-बाप कोयता घेऊन निघाले की मागं राहिलेल्या पोरीवर घर, म्हातारी आणि जनावरं. तिच्या नावावर तीस अध्ययन-तासांतले पंधरा स्वाध्यायाचे लिहिताना हात जरा अडखळावा. तिच्यासाठी वर्गातला तास हाच खरा तास आहे. तो ४८ मिनिटांचा करून त्यातलीही दहा मिनिटं हजेरीत घालवणं मला परवडणारं वाटत नाही.

आता वर्गात उभा असतो त्याचं बघू. आज कितीतरी कॉलेजांत तो सीएचबीचा असतो, घड्याळी तासिका तत्त्वावरचा. सेट-नेट झालेला, कुणी पीएच.डी. झालेला. सकाळी एका गावात दोन तासिका, दुपारी मोटारसायकलवर दुसऱ्या गावात दोन. घेतलेल्या तासिकेचे पैसे. बंद झाला, परीक्षा लागली, दिवाळीची सुट्टी आली, तर तासिका नाही आणि पैसेही नाहीत. पेपर तपासणं, वाचन, मुलांच्या शंका, अंतर्गत गुण भरणं हे सगळं त्या तासिकेच्या पोटात.

यूजीसीचा २०१८ चा नियम सांगतो, पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा चाळीस तासांचा, त्यात सहायक प्राध्यापकानं प्रत्यक्ष शिकवायचं सोळा तास. म्हणजे शिकवण्याच्या एका तासामागं दीड तास इतर काम असतं हे सरकारलाच मान्य आहे. मग एका हिशेबातले हे तीन गुणाकार बघा. विद्यार्थ्याचे वर्गातले पंधरा तास क्रेडिटमध्ये तीस होतात. कायम प्राध्यापकाचे सोळा तास पगारात चाळीस होतात. आणि जिथं मानधन साठ मिनिटांच्या तासावर काढतात, तिथं सीएचबीवाल्याच्या ४८ मिनिटांच्या पाच तासिका चार तास होतात. ज्याचं माप आधीच तोकडं, त्याचंच कापलं जातं. त्यानं मुलांना दिलेलं क्रेडिट मात्र इतरांइतकंच पक्कं मानलं जातं. मी कायम नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून हे बोलणं मला सोपं आहे हे कळतं. पण जे आज त्या जागेवर आहेत ते व्यासपीठावरून बोलू शकत नाहीत.

पंधरा आठवड्यांचंही एकदा नीट बघायला हवं. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, पहिल्या वर्षाचा वर्ग भरेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, गणपती आणि नवरात्र होतं, आणि दिवाळीच्या आधी-नंतर परीक्षा. मध्ये अंतर्गत चाचण्या. शिकवण्याचे आठवडे दहा-अकरा उरले तरी क्रेडिट पुरं लागतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुठंच लिहिलेलं नाही. माझी मागणी साधी आहे. सत्र संपलं की प्रत्येक विषयाचे प्रत्यक्ष झालेले घड्याळी तास सूचनाफलकावर लावा. साठपैकी ४१ झाले असतील तर ४१ लिहा. क्रेडिट कापू नका, विद्यार्थ्याचा त्यात दोष नाही. फक्त आकडा दिसू द्या. नॅकच्या फायली भरण्यात जेवढा कागद जातो त्यात एक पान वाढेल.

शेवटचा मुद्दा मुलींच्या पालकांसाठी. क्रेडिटचा एक फायदा खरोखर मोठा आहे आणि तो गावात कुणी समजावून सांगत नाही. २०२१ पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. मिळवलेली क्रेडिटं तिथं जास्तीत जास्त सात वर्षं राहतात. आपल्या जिल्ह्यात बारावीनंतर वर्ष-दोन वर्षांत लग्न होऊन कॉलेज सुटलेल्या किती मुली प्रत्येकानं आपापल्या भावकीत बघितल्या आहेत. पूर्वी तिची दोन वर्षं मातीत जायची. आता पहिल्या वर्षाची ४० क्रेडिटं घेऊन ती थांबली तर प्रमाणपत्र मिळू शकतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि प्रवेशापासून सात वर्षांत पदवी पुरी करता येते. सासर संगमनेरला असो की कोपरगावला, क्रेडिटं तिच्याबरोबर जातात.

अट एक आहे. त्या प्रमाणपत्रासाठी ४० क्रेडिटांवर उन्हाळ्याच्या सुट्टीत चार क्रेडिटचं व्यावसायिक प्रशिक्षण पुरं करावं लागतं. हाताच्या कामाच्या हिशेबानं १२० घड्याळी तास, रोज सहा तास धरले तर वीस दिवस. सुट्टी म्हणजे मे महिना, ऐन लग्नसराई. हे वीस दिवस तिनं कुठं भरायचे याचं उत्तर आज बहुतेक तालुक्यांत नाही. कॉलेजांनी ते एप्रिलच्या परीक्षेनंतर लगेच, तालुक्याच्या गावी आणि एसटीच्या वेळा बघून ठेवावं. दूध संकलन केंद्राचे हिशेब, रक्तातली साखर तपासणं, शिवणयंत्राची दुरुस्ती, असे विषय इथं शिकवता येतील आणि शिकवणारेही इथंच आहेत. वेळापत्रक बसवायला माणूस लागला तर मी येईन. फक्त तासिका साठ मिनिटांची धरणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.